एकाखाली एक तीन 'नाही'

सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळ मागांच्या आवाजाने व्हायची. आता 'आमच्या' असं सहज लिहून गेले, पण त्या काळी माझ्या तोंडून हा शब्द कधी निघत नसे. मावशीची गल्ली, मावशीचं घर, मावशीची चूल. कोणी विचारलंच, तर 'मी इथली नाही, कोकणातून आलेय, थोड्या दिवसांसाठी,' असं पाठ केल्यासारखं सांगायची. वडील गेले तेव्हा मी सहावीत होते. सहावीचं पुस्तक अर्ध्यावर मिटलं ते मिटलंच. धाकटी भावंडं तीन, आणि आई एकटी. "मावशीकडे जा, तिला हाताखाली कोणी नाही, आणि तुझंही दोन वेळचं होईल," असं आई म्हणाली होती. त्यातला 'तुझंही दोन वेळचं' हा भाग मी गाठीला बांधून आणला होता. म्हणून पोट भरण्याआधीच 'पुरे' म्हणायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं, आणि पत्र्याची ट्रंक कधी पुरती रिकामी करायची नाही. वरचे दोन कपडे तेवढे काढायचे, बाकीचं तसंच ठेवून पट्टा आवळायचा. कोणी 'नीघ' म्हणालं तर वेळ लागायला नको.

मावशी मूळची आमच्याच गावची. तिचे सासरे रेल्वेत होते, बदल्या होत होत बुऱ्हाणपुरात टेकले, आणि तिथल्या हवेत ती इतकी मिसळली होती की एकाच वाक्यात 'गो बाय' आणि 'काहून' असं दोन्ही बोलायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी ती दोन्ही हातांवर अशी थापायची, की परातीला हात लावायची गरज नसे. मला ती जमेना. माझी भाकरी काठाला फाटायची. मावशी म्हणायची, "असूं दे, फाटकी भाकर पोटात गेल्यावर कोणाला दिसते?" हिवाळ्यात फुनके व्हायचे. तुरीची डाळ भिजवून, जाडसर वाटून, हिरव्या मिरच्या घालून तिचे लांबट मुटके वाफेवर ठेवायचे आणि कढीत बुडवून खायचे. मावशीच्या कडेवर दीड वर्षाचा बाळू असायचा, आणि वाफेच्या भांड्याकडे तो माझ्याइतक्याच आशेने बघायचा.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, नगरपालिकेत कुंड्यांवर मुकादम होते. बुऱ्हाणपूरच्या कुंड्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापासून शहराकडे जमिनीच्या पोटातून एक बोगदा येतो. बादशाही अमलात खणलेला. डोंगरात मुरलेलं पाणी त्या बोगद्यात झिरपतं आणि आपल्या पायाने चालत गावात येतं. ना मोट, ना रहाट. त्या बोगद्यावर थोड्याथोड्या अंतराने विहिरीसारखी गोल तोंडं आहेत, त्या कुंड्या. काका रोज त्यांतल्या काही कुंड्यांवर जायचे, गाठी मारलेली दोरी आत सोडायचे आणि किती गाठी ओल्या झाल्या ते पाहायचे. पण त्याआधी ते नेहमी एक गोष्ट करत. कुंडीच्या काठावर छाती टेकून, डोळे मिटून आत कान द्यायचे. "दोरी खोटं बोलते एखाद्या टायमाला," ते म्हणत. "आवाज नाही बोलत."

ते दिवस सगळंच उलटंपालटं होण्याचे होते. पलीकडची संस्थानं विलीन झाली होती, आपण पुढे कोणत्या प्रांतात राहणार यावर पानाच्या दुकानात पैजा लागत होत्या, आणि आमच्या बाजूची मालगुजारी गेली होती. गावं ज्यांच्या मालकीची होती ते मालगुजार आता मालक राहिले नव्हते. त्यांची जंगलं, कुरणं, पडीक जमिनी सरकारजमा झाल्या होत्या. कोणत्या जागेवर कोणाचा कसला वापर आहे, म्हणजे तिकडच्या भाषेत 'निस्तार', ते लिहून घ्यायला साहेब लोक गावोगाव फिरत होते. कुंड्यांच्या माथ्यावर अंजनखेडी नावाचं खेडं होतं आणि त्याच्या डोक्यावर झिऱ्याचा, म्हणजे झऱ्याचा, डोंगर. मार्गशीर्षात साहेबांचा मुक्काम तिथे पडला. कुंड्या जवळ म्हणून पालिकेकडून काकांना बोलावणं आलं. मावशीने मला बरोबर धाडलं, पाटलीणबाईंकडून तुरीच्या शेंगा आणायला.

अंजनखेडीचे पाटील सत्तरीचे, काटकुळे, सगळे त्यांना बाबा म्हणत. झिऱ्याच्या डोंगराचा माथा वाघदेवाचा. तिथे अंजन, धावडा आणि सागाची अशी दाटी की दुपारीही खाली कवडसे मोजावेत. त्या रानात चप्पल घालून जायचं नाही, कोयता न्यायचा नाही, पडलेली काटकी उचलायची नाही. आमच्या कोकणातल्या देवाच्या राईसारखंच. पण अंजनखेडीची आणखी एक रीत होती, ती मी आधी कुठे ऐकली नव्हती. त्या रानाला कोणी 'आमचं' म्हणायचं नाही. ज्याने म्हटलं त्याचं घर वाघदेव मोजतो, म्हणजे त्या घरातलं एक माणूस कमी होतं, अशी समजूत. पोरंसुद्धा बोट दाखवून 'आमचा डोंगर' म्हणाली तर आया तोंडावर हात ठेवत.

चावडीत साहेब बसले होते. वयाने तरुण, हिंदी बोलणारे, डोळ्यांखाली जागरण. खंडव्याहून आलेल्या त्यांच्या कारकुनाला हिवताप भरला होता, तो कांबळं पांघरून भिंतीला टेकून कुडकुडत होता. साहेबांनी विचारलं, मराठी लिहिणारं कोणी आहे का? काका म्हणाले, "ही पोरगी लिहिते साहेब. अक्षर मोत्यासारखं आहे हिचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "यहीं की हो?"

"नाही," मी म्हणाले. "मी इथली नाही."

मोत्यासारखं, हा शब्द माझ्या डोक्यात गेला. शाळा सुटल्यापासून माझ्या हाताचं कौतुक करणारं कोणी भेटलं नव्हतं. मी टाक घेतला, मांडी घातली, आणि आखलेला कागद पुढे ओढला. नाव, जागा, हक्क, अंगठा असे रकाने. हक्काचा रकाना अंगठ्याएवढा.

साहेबांनी आधी काकांना विचारलं. काका म्हणाले, "कुंड्या पालिकेच्या. डोंगर आमचा नाही." मी लिहिलं : नाही. मग काका जमीन मोजणाऱ्या माणसांना कुंड्यांची रांग दाखवायला बाहेर गेले. मालगुजारांकडचे म्हातारे दिवाणजी पुढे आले. "आता कसला हक्क! मालकीच गेली," म्हणाले आणि पंच्याने डोळे पुसले. मी लिहिलं : नाही. शेवटी पाटीलबाबा. साहेबांनी विचारलं, "डोंगरपर तुम्हारा हक है?"

बाबांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "नाही साहेब. आमचा कसला हक्क! देवाचं हाय ते. आमी फकस्त राखतो. दरसाल होळीच्या आधी घरटी एक माणूस जातो, खालून गवत कापून पट्टी काढतो, वणवा वर चढू नये म्हून. दसऱ्यापतूर ढोरं नाही सोडत. झिऱ्यापाशी तं..."

ते बरंच सांगत होते. मी कारकुनाकडे पाहिलं. तो दात वाजवत म्हणाला, "जितना पूछा, उतना लिखो." रकाना केवढासा होता, आणि मला माझं अक्षर बाहेर सांडू द्यायचं नव्हतं. मी लिहिलं : नाही.

एकाखाली एक तीन 'नाही'. तिन्ही सारखे, वेलांटी वेलांटीखाली. मी पाहिलं आणि मला ते सुंदर वाटले. हे लिहिताना अजून मान खाली जाते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काका दुपारीच घरी आले. पानात तिळाची पोळी तशीच राहिली. झिऱ्याच्या डोंगरावर कोणाचाही हक्क वा वापर नसल्याचे जबाब आल्यावरून तो लाकूडतोडीसाठी ठेकेदाराला देण्यात येत आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत सांगावी, अशी नोटीस लागली होती. काका मावशीला म्हणाले, "त्या डोंगराची झाडं गेली ना, तर पाऊस पडंल तसा वाहून जाईल. मुरणार नाही. वरचं पाणी मुरलं नाही तर खाली कुंडीत काय येईल? दगड?" मावशी बाळूला भरवत होती, तिचा हात थांबला. डोईफोडिया गावाकडे तिची नणंद दिली होती. तिकडची एक टेकडी दोन वर्षांपूर्वी बोडकी झाली होती, आणि नणंद आता पाण्यासाठी पाऊण कोस जात होती.

दुसऱ्या दिवशी पाटीलबाबा आले. पायी आले होते. ओसरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कुऱ्हाडी आल्या, मुकादम. पायथ्याशी पालं ठोकली त्यांनी. झाडाले शिक्के मारून ऱ्हायले. मी तं सगळं सांगतलं होतं साहेबाले. राखतो म्हून सांगतलं, पट्टीचं सांगतलं. पोरीनं लिवलं बी माझ्यासमोर. मंग कागदात कसं नाही?"

मी चहाची कपबशी घेऊन दारात उभी होते.

काका म्हणाले, "तो कारकून. त्याचंच काम हे. मागाहून कागद बदलला त्यानं. ठेकेदाराचा माणूस असंल."

"दिसायले तं गरीब दिसला," बाबा म्हणाले.

"गरीबच विकतात, बाबा."

मी कपबशी बाबांपुढे ठेवून आत आले. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, काका त्या वेळी बाहेर होते, साहेबांना मराठी अर्धी कळत होती. बाबा काय म्हणाले आणि कागदावर काय उतरलं, ते जगात फक्त मला ठाऊक होतं. आणि त्या तापाने फणफणलेल्या माणसाला, पण तो कशाला सांगेल? त्या दोन दिवसांत मी घरातलं न सांगितलेलं कामही केलं. तांब्याची भांडी दोनदा घासली. बाहेर राहिलेले दोन कपडेही ट्रंकेत घालून ठेवले. मावशीच्या ते लक्षात आलं असावं. ती एकदा म्हणाली, "काय गो, घराची आठवण येते?" मी मान हलवली. आठवण येत नव्हती. जावं लागेल, ही भीती होती.

तिसऱ्या दिवशी काकांचा डबा घेऊन कुंडीवर गेले. ऊन स्वच्छ होतं, पलीकडे केळीच्या बागांत पाट वाहत होते, आणि डोंगरावरून ठक ठक असा आवाज अधूनमधून येत होता. झाडांवर शिक्के मारत होते. काकांनी डबा बाजूला ठेवला आणि खिशातून कोरा कागद काढला. टाक-दौत त्यांनी बरोबर आणली होती.

"बस. लिही. मोठ्या साहेबांना अर्ज. 'सदर कारकुनाने पैसे खाऊन जबाबात फेरफार केला, तरी त्यास कामावरून...' लिहितेस ना?"

मी 'सदर' लिहिलं. 'कारकुनाने' लिहिलं. पुढे हात जाईना. टाकाच्या टोकाशी शाई जमून मोठा थेंब झाला आणि कागदावर पडला.

"काय झालं?"

"काका, त्यानं नाही. मी."

"काय, मी?"

"बाबा सांगत होते सगळं. मी लिहिलं नाही. रकाना लहान होता. मी नुसतं 'नाही' लिहिलं."

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग उठले, कुंडीच्या काठाशी गेले आणि आत सोडलेली दोरी ओढू लागले. एकेक गाठ वर येत होती. माझ्या पायांखालची माती मला थंड लागत होती. मी मनात भुसावळची गाडी, पुढची गाडी, मग बोट, मग आईचा चेहरा असा सगळा उलटा प्रवास करून आले.

दोरीची गुंडाळी करून ते म्हणाले, "तीन नाही आहेत ना त्या कागदावर?"

"हो."

"त्यातला पहिला कोणाचा?"

मी टाक खाली ठेवला.

"माझा. 'डोंगर आमचा नाही' मी म्हटलं. तेवढं तर तू बरोबर लिहिलंस. मला वाटलं, पाटील बोलेल. पाटलाला वाटलं असंल, हक्काचं दिवाणजी बोललेच असतील. दिवाणजींना वाटलं, पालिकेचा माणूस आहेच. आम्ही तिघं मोठी माणसं एकमेकांच्या भरवशावर झोपलो. तू एकटी काहून तिन्ही नाही डोक्यावर घेऊन बसलीस?" मग त्यांनी तो डाग पडलेला कागद माझ्या हातून घेतला आणि चार तुकडे करून खिशात घातला. "पण त्या कारकुनाचं नाव दोन दिवस माझ्या तोंडात राहिलं, हे मात्र तुझं. ते चुकलंच."

असं ते म्हणाले. एवढंच. पुढे आयुष्यात माझ्यावर रागावलेली माणसं पुष्कळ भेटली, पण माझी चूक अशी नेमकी वजन करून, तिच्यातलं माझं तेवढंच माझ्या पदरात टाकणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

मग काकांनी मुदतीत हरकतीचा अर्ज दिला, आणि त्याची सुनावणी अंजनखेडीच्याच चावडीत झाली. तेच साहेब, कारकून आता बरा झालेला, आणि या खेपेला ठेकेदारही. गुबगुबीत, हसरा माणूस, वेलदोडा चघळत बसलेला. साहेबांनी जुना कागद काढून पुढे ठेवला. माझे तीन 'नाही' उन्हात लखलखत होते.

"तब नहीं लिखा, अब है कहते हो?" साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. "साहेब, बाबांनी जास्त सांगितलं होतं. मी अपुरं लिहिलं. तुमच्या कारकुनांचा दोष नाही." कारकुनाने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याच्यावर काय येणार होतं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"ठीक है. अब पूछते हैं. पाटील, डोंगरपर तुम्हारा हक है?"

मी बाबांकडे पाहिलं, काकांनी पाहिलं, दिवाणजींनी पाहिलं. एक शब्द हवा होता. 'आहे.' बाबांनी पुन्हा कानाच्या पाळ्या धरल्या.

"नाही साहेब. आमचं नाही म्हणवत ते."

ठेकेदार हसून मांडीवर थाप मारत म्हणाला, "लो! फिर नहीं! अरे बाबा, खुद हरकत लेके आए और बोलते क्या हो, नहीं!" चावडीबाहेरचे दोघे-तिघेही हसले. साहेबांनी टाक खाली ठेवला. मला वाटलं, संपलं.

तेव्हा काका म्हणाले, "साहेब, हक्क नका विचारू. तिथे काय करता, काय नाही करत, ते विचारा. त्याचं उत्तर तो रात्र होईस्तोवर देईल."

साहेबांनी जवळच्या पेटीतून डोंगराचा नकाशा काढून मांडीवर पसरला, आणि एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल हातात घेतली. "लिखो," मला म्हणाले. "इस बार पूरा लिखो."

बाबा बोलू लागले. देवाचं रान कुठून सुरू होतं : सालईच्या वाकड्या झाडापासून झिऱ्याच्या घळीपर्यंत. साहेबांनी लाल रेघ ओढली. वणव्याची पट्टी कुठून कुठे काढतात : पूर्वेच्या नाल्यापासून फिरून टेंभीच्या खडकापर्यंत. लाल ठिपके. दिवाणजींनी सांगितलं, मालगुजारांचं कुरण मधल्या उतारावर आणि पश्चिमेच्या सोंडेवर, ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत गवत बंद, दोन राखणदार. "आता राखणदार नाहीत," ते म्हणाले, "पण गवताला सवय आहे." निळी रेघ. मग काका. कुंड्यांच्या रांगेपासून दोन्ही बाजूंना दोनशे हात विहीर खणायची नाही, झाड तोडायचं नाही, पालिकेचा जुना नियम. निळे ठिपके. मी लिहीत होते. रकाना संपला तेव्हा कारकुनाने न विचारता दुसरा कागद पुढे सरकवला. मग तिसरा.

साहेबांनी नकाशा लांब धरला. चार रेघा एकमेकींवर चढल्या होत्या, वेड्यावाकड्या. झिऱ्याच्या घळीपाशी तीन, मधल्या उतारावर दोन, खाली कुंड्यांशी दोन. पश्चिमेच्या सोंडेवर मात्र एकच निळी रेघ, आणि तीही मालक गेलेल्यांची.

"इनमें एक भी रेघ अकेली मेरे काम की नहीं है," साहेब म्हणाले. "देवता का काग़ज़ नहीं. कुरण की मालकी नहीं. पालिका का डोंगर नहीं."

"बरोबर आहे साहेब," काका म्हणाले. "म्हणूनच एकाच्या जिवावर नाही ठेवलं कोणी. मालगुजाराचा राखणदार झोपला तर देवाचं भेव जागं. ज्याला देवाचं भेव नाही त्याला पट्टीवर गाव भेटायचं. त्यातून सुटला तर खाली मी आहे. इतकी वर्षं असंच चाललं. या सालीच तेवढे सगळे एकदम झोपलो."

ठेकेदाराच्या तोंडातला वेलदोडा थांबला होता.

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवत निकाल सांगितला. जिथे दोन किंवा अधिक रेघा आहेत तिथे गावाचा निस्तार मांडायचा, कुऱ्हाड नाही. एकच रेघ आहे ती पश्चिमेची सोंड ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, "चलो, कुछ तो दिया," आणि पुन्हा हसायला लागला. मी धीर करून विचारलं, तो जुना कागद फाडून टाकता येईल का? साहेब म्हणाले, "सरकारी काग़ज़ फटता नहीं, बेटी. उसके ऊपर दूसरा लगता है." आणि माझे तीन कागद त्यांनी त्या तीन 'नाही'वर ठेवून टाचणी मारली.

पश्चिमेच्या सोंडेचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर सगळं जिंकल्यासारखं वाटेल. ती महिन्याभरात बोडकी झाली. पुढच्या दोन पावसांत तिच्यावरची माती घळी पाडत खाली आली, एका केळीच्या बागेत गुडघाभर गाळ बसला, आणि त्या बाजूच्या दोन कुंड्यांना पावसाळ्यात लाल पाणी येऊ लागलं. उन्हाळ्यात त्यांच्यात दोरीची एकच गाठ भिजायची. काका त्या दोन कुंड्यांत कान द्यायचे नाहीत. नुसती दोरी सोडायचे. बाकीच्या कुंड्यांत मात्र गाठी होत्या तेवढ्याच भिजत राहिल्या, निदान मी त्या घरात होते तोपर्यंत. पुढे नळ आले, मोटारी आल्या, जो तो आपापल्या दारात खोल खणू लागला. आता मी आहे तिथे पाणी टँकरने येतं, आणि तो आला की मी अजून नकळत आधी आवाज ऐकते.

माघ सरत आला होता. माझी ट्रंक अजून पट्टा आवळून तशीच होती. काका काही बोलले नव्हते, मावशीही नाही, आणि न बोलण्याचा अर्थ लावत मी रोज आणखी लवकर उठत होते. एका सकाळी अंजनखेडीहून माणूस निरोप घेऊन आला. पाटीलबाबांनी सांगितलं होतं, पट्टी काढायचा दिवस ठरला आहे. नेहमी फक्त अंजनखेडीतून घरटी एक माणूस जायचा. या सालापासून कुंडीवाल्यांच्या घरचाही एक पाहिजे.

काकांना पालिकेत जाणं भाग होतं. ते मावशीकडे पाहू लागले. मावशीने बाळूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि तव्यावरची भाकरी उलटत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यात विचार कसला? आपल्या घरातून ही जाईल."

मी उठले आणि दुसरीच कामं करू लागले, कारण मला काय करावं कळेना. मावशीनेच फडक्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. "पोटभर खा तिथे. पुरे म्हणू नकोस. विळा चालवायचा आहे."

पायथ्याशी साठ-सत्तर माणसं जमली होती. बायका होत्या, कॉलेजात जाणारा एक मुलगाही होता. दिवाणजी काठी टेकत आले होते. ते नुसतेच दगडावर बसणार होते, पण आले होते. हातात विळे, खराटे, पळसाच्या फांद्या. बाबा प्रत्येकापाशी थांबून घराचं नाव घेत होते आणि माणूस 'आहे' म्हणत होता. ओळीत माझ्या शेजारी एक अनोळखी बाई होती. तिने माझ्या विळा धरण्याकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, "अशी धरशील तं बोट कापशील, माय. तू कोठची? कोनाच्या घरची?"

माझ्या ओठांवर ते पाठ केलेलं वाक्य आलं होतं. तेवढ्यात बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी नाव घेतलं, "कुंडीवाल्याचं घर?"

"आहे," मी म्हणाले.

बाबा पुढच्या माणसाकडे गेले. त्या बाईने माझी मूठ धरून विळा नीट फिरवून दिला, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम खाली वाकून गवताला हात घातला.